राजीनाम्याचा जुना अर्थ : कामावरच्या वादांची पार्श्वभूमी

सिंहस्थात वैष्णव साधू नाशिकला रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. मध्ये सुमारे २८ किलोमीटर. आधी डुबकी कोणाची यावरून तंटा झाला, तो हातघाईवर आला आणि पेशवाईत दोघांना दोन जागा नेमून दिल्या गेल्या, असं परंपरा सांगते. कारखान्यात यालाच बदली म्हणतात. एका लाइनवरची दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की एकाला दुसऱ्या शिफ्टला टाकायचं. भांडण मिटत नाही, फक्त गाठ पडत नाही.

नाशिकच्या अंबड-सातपूर या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांत सुपरवायझर लोकांना 'कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट'चं प्रशिक्षण दिलं जातं, तिथे पडद्यावर हमखास पाच खणांचा एक तक्ता येतो: अडून बसणं, माघार घेणं, टाळणं, अर्ध्यावर तोडणं आणि मिळून मार्ग काढणं. जेवणाच्या सुट्टीत मंडळी आपापला खण ओळखून एकमेकांची चेष्टा करतात. तक्ता वाईट नाही. पण वाद म्हणजे दोन स्वभावांची टक्कर, एवढंच त्यातून मनावर ठसतं. आपल्याकडे कामावरचे वाद मिटवण्याची जी रीत घडत गेली, तिच्यात स्वभावापेक्षा वेगळ्याच प्रश्नाला महत्त्व होतं: तिसरा माणूस कोण, आणि त्याचं ऐकायचं हे दोघांनी आधी कबूल केलंय का?

या प्रश्नाचा सर्वात जुना पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मराठेशाहीत वतन, बलुतं, पाळी, हिस्सा यांवरून तंटा झाला की तो गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेपुढे, किंवा पंचांपुढे जाई. हे वाद वरून हक्काचे दिसतात, पण बरेचसे कामाचेच होते: गावात सुतारकी कोणी करायची, कोणत्या भावाने कोणत्या वर्षी, खळ्यावरचं बलुतं कोणी उचलायचं. चौकशी सुरू होण्याआधी वादी-प्रतिवाद्यांकडून एक कागद लिहून घेत, की पंच देतील तो निवाडा आम्हांला मान्य. जामीनही घेत. त्या कागदाचं नाव राजीनामा, म्हणजे राजी असल्याचा लेख. निकाल लागला की हरलेला येजितखत लिहून देई, 'मी खोटा ठरलो' अशी कबुली. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र. वाद मिटवायला बसताना ज्यावर सही करायची, तोच शब्द वाद न मिटल्यावर निघून जाण्यासाठी वापरला जातो, याची गंमत वाटते आणि थोडा चटकाही बसतो.

गिरण्या आल्या तेव्हा हे पंच त्यांच्या दारात थांबले. मालक आणि मजूर एका गोतातले नव्हते, मग दोघांना मान्य असा तिसरा आणायचा कुठून? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ती मुख्यतः अर्ज, सभा आणि सह्यांच्या जोरावर. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती त्याच वाटेने. १९१८ मध्ये अहमदाबादेत प्लेगच्या काळातला बोनस बंद झाल्यावर मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. संप झाला, गांधीजींचा उपवास झाला आणि शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं. आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. या लढ्यात मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूयाबेन. १९२० मध्ये मजूर महाजन ही तिथल्या गिरणी कामगारांची संघटना स्थापन झाली आणि लवाद ही तिथली रीतच झाली.

त्या मजूर महाजनाचे चिटणीस गुलझारीलाल नंदा पुढे मुंबई प्रांताचे कामगारमंत्री झाले आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्यांच्या काळात आला. मात्र त्याआधी, १९३८ मध्ये, संपाअगोदर समेटाची प्रक्रिया सक्तीची करणारं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संपही झाला. काम नाकारणं हा गुन्हा ठरवला तर कामगार गुलाम होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. राजीनाम्याचाच मुद्दा हा: तिसऱ्याला मान्यता मनाने दिलेली असावी, कायद्याने वदवून घेतलेली नव्हे. कामगार नेते आणि नंतर राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरीही पुढे याच अंगाने बोलत राहिले. सक्तीच्या निवाड्यापेक्षा समोरासमोरच्या वाटाघाटी बऱ्या, हा त्यांचा आग्रह 'गिरी पद्धत' म्हणून ओळखला जातो. सरकारने गिरींना पदं दिली, पद्धत घेतली नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा समेट अधिकारी, कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायाधिकरण अशा पायऱ्यांनीच उभा राहिला. १०० किंवा अधिक कामगार असतील तिथे 'वर्क्स कमिटी', म्हणजे मालक-कामगारांची संयुक्त समिती, नेमायची तरतूद त्यात होती. बऱ्याच ठिकाणी ती कँटीनचा मेनू आणि गणवेशाच्या कापडापुरती उरली.

नाशिकरोडची प्रेस मात्र निराळ्या धाग्याने या इतिहासाला जोडलेली आहे. १९२०च्या दशकात इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, नोटांची छपाई १९२८ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये व्हिटली समितीने मालक-कामगारांच्या संयुक्त परिषदा सुचवल्या होत्या. तेच जे. एच. व्हिटली १९२९ मध्ये हिंदुस्थानातल्या कामगारविषयक रॉयल कमिशनचे अध्यक्ष म्हणून इकडे आले. त्यांच्या परिषदांच्या नमुन्यावर १९६६ मध्ये केंद्र सरकारी नोकरांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. २००६ मध्ये महामंडळ होईपर्यंत प्रेस थेट केंद्र सरकारचीच होती. सातपूरच्या कामगाराने समेट अधिकाऱ्याचं दार ठोठवायचं आणि नाशिकरोडच्याने दिल्लीपर्यंत चढत जाणाऱ्या बैठकांची वाट बघायची, एकाच शहरात असे दोन रस्ते झाले.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, सातपूर वसलं, मग अंबड. राज्यात १९७१ चा कामगार संघटना मान्यता कायदा १९७५ पासून लागू झाला. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला मान्यता मिळू लागली. त्यामुळे वाटाघाटीला कोण बसणार, हा प्रश्न सुटला आणि नवा वाद जन्मला, दोन युनियनमधला. गेट मीटिंग, मागणीपत्र, तीन वर्षांचा करार, मेमो, चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी हे शब्द इथल्या घरांत बायकापोरांनाही पाठ झाले.

पाच खणांचा तक्ता या सगळ्याच्या बाहेरून आला. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंनी १९२५ मध्ये संघर्षाच्या विधायक बाजूवर मांडणी केली. त्यांचं उदाहरण साधं आहे. ग्रंथालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटना बंद. मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. समोरच्याला मोकळी हवा हवी होती आणि फॉलेटना अंगावर वारा नको होता, म्हणून दोघांचंही साधलं. १९६४ मध्ये ब्लेक आणि माउटन यांनी व्यवस्थापनाच्या शैलींची चौकट आखली आणि तिच्या आधारे १९७४ मध्ये थॉमस आणि किलमन यांनी ३० जोड्यांची प्रश्नावली केली. तिचाच तक्ता आज आपल्या पडद्यावर दिसतो. फॉलेटबाईंची खिडकी मला आवडते, पण शेजारची खोली रिकामी होती हे विसरू नये. पगारवाढीच्या वादात ती क्वचितच रिकामी सापडते.

काही बाबतींत 'अर्ध्यावर तोडू' म्हणणंच चूक आहे, हे कायद्याला उशिरा कळलं. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती. समेट करायचा तर फक्त तक्रारदार बाईने मागितला तर, आणि पैसे देऊन मिटवणं हा त्याचा पाया असू शकत नाही. इतकी स्पष्ट मर्यादा कामगार कायद्यांत मला दुसरीकडे दिसली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा कायदा मागे पडला. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, आणि तक्रार ३० दिवसांत निकाली. एकाहून अधिक युनियन असतील तर वाटाघाटीची एकमेव युनियन ठरायला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो.

अंबडच्या आतल्या गल्ल्यांत १२-१५ माणसांची कितीतरी वर्कशॉप्स आहेत. २० चा आकडा त्यांना लागत नाही. एचआर नाही, युनियन नाही, मालक स्वतःच लेथवर उभा. दोघांची जुंपली की एखादा जुना फिटर हात पुसत उठतो आणि 'चला रे' म्हणून त्यांना गेटबाहेरच्या टपरीवर नेतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं आणि राजीनामा कोणी लिहून दिलेला नसतो, तरी दोघंही मुकाट्याने त्याच्यामागे जातात.