२०० सागरी मैलांपलीकडचा समुद्रतळ: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडच्या समुद्रतळावर हक्क मागण्याचा हा अर्ज तुम्हा-आम्हाला भरता येत नाही, अर्जदार देशच लागतो. तरीही मॉरिशस आणि सेशेल्स या दोन लहानग्या द्वीपदेशांनी तो कसा भरला हे पाहिलं की प्रक्रिया नीट उलगडते. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

अर्ज कशाला लागत नाही, ते आधी. १९८२च्या सागरी कायदा करारानुसार आधाररेषेपासून (म्हणजे साधारणपणे किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेषेपासून) १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथली मासळी आणि खनिजं त्या देशाचीच. (सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.) या २०० मैलांतल्या समुद्रतळासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. त्यापुढची हद्द जगाने मानावी असं वाटत असेल तर मात्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत भूखंडमंच सीमा आयोगाकडे जावं लागतं. (भूखंडमंच म्हणजे देशाच्या जमिनीचा पाण्याखाली पसरलेला भाग.) आयोगावर २१ तज्ज्ञ असतात.

पात्रता. देश केवढा आहे हे कोणी विचारत नाही. जमीन पाण्याखाली सलग किती लांब गेली आहे, ते विचारतात. खंडान्त उताराचा, म्हणजे ही पाण्याखालची जमीन खोल समुद्राकडे जिथे उतरते त्या उताराचा, पायथा शोधायचा. तिथून ६० मैलांपर्यंत हद्द मागता येते. किंवा गाळाची जाडी दाखवायची: पायथ्यापासून १०० किलोमीटरवर गाळ निदान १ किलोमीटर जाड हवा, म्हणजे अंतराच्या १ टक्का. वर कमाल मर्यादा आहेच. आधाररेषेपासून ३५० मैल, किंवा २,५०० मीटर खोलीच्या रेषेपासून १०० मैल, यांतली सोयीची घ्यावी. समुद्री डोंगररांगेला फक्त पहिलीच लागू. मनुष्यवस्ती किंवा स्वतःचं अर्थकारण पेलू न शकणारा खडक अपात्र.

कागदपत्रे. तीन भाग. पहिला सारांश: नकाशे, अक्षांश-रेखांश, कराराच्या ७६व्या कलमातला कोणता निकष वापरला, आयोगाच्या कोणा सदस्याचा सल्ला घेतला का, शेजाऱ्याशी वाद आहे का. हा भाग जाहीर होतो. दुसरा मुख्य अहवाल. तिसरा कच्चा पुरावा, म्हणजे खोलीची मोजमापं आणि भूकंपीय सर्वेक्षण (ध्वनिलहरी सोडून तळाखालचे थर तपासणं). खरा खर्च या तिसऱ्याचा. सर्वेक्षणाची जहाजं परवडत नाहीत म्हणून विकसनशील देशांना अर्ज तयार करण्यासाठी मदत निधी ठेवलेला आहे.

मुदत. करार त्या देशाला लागू झाल्यापासून १० वर्षं. १३ मे १९९९च्या आधीपासून करारात असलेल्यांना १३ मे २००९. काम अपुरं असेल तर प्राथमिक माहिती दिली तरी मुदत पाळली असं धरायचं, असा निर्णय २००८मध्ये झाला.

अर्ज कुठे अडतो? शेजाऱ्याच्या हरकतीवर. हद्दीचा वाद असेल तर सगळ्या संबंधित देशांच्या संमतीशिवाय आयोग अर्जाला हात लावत नाही, पुरावा कितीही पक्का असो. मॉरिशस आणि सेशेल्सने ही अडचणच उरू दिली नाही. पाण्याखालचं मास्करीन पठार दोघांच्या मध्ये पसरलेलं; त्यांनी २००८मध्ये आधी आर्थिक क्षेत्रांची सीमा ठरवून घेतली आणि १ डिसेंबरला पठारासाठी एकत्र अर्ज केला. ही शहाणपणाची चाल होती, असं माझं स्पष्ट मत.

सात सदस्यांचा उपआयोग छाननी करतो, मग पूर्ण आयोग शिफारस देतो. या दोघांना ती ३० मार्च २०११ला मिळाली: सुमारे ३,९६,००० चौरस किलोमीटर. मॉरिशसची जमीन जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर आहे! शिफारशीनुसार आखलेली हद्द अंतिम आणि बंधनकारक असते. शिफारस मान्य नसेल तर सुधारित अर्ज करता येतो. वाटणीच्या भानगडीत न पडता दोन्ही देशांनी मार्च २०१२मध्ये संयुक्त व्यवस्थापनाचे करार केले.

मिळतो तो मात्र फक्त तळ. या क्षेत्रातल्या साया दे माल्हा उथळावर तळाला चिकटून राहणारी समुद्रकाकडी (हा एक समुद्री प्राणी) या दोन देशांची. तिच्यावरून पोहत जाणारा ट्यूना खुल्या समुद्रातला, तो कोणत्याही देशाची बोट धरू शकते.