कुत्र्याची किडनी, कच्चं मांस आणि हाडातला फॉस्फरस

कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट येतो, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला एक कचरा) वाढलेलं निघतं, आणि घरात पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा: आता याला घालायचं काय? डॉक्टर किडनीसाठी बनवलेलं तयार खाद्य लिहून देतात. ते महाग असतं, आणि बऱ्याचदा कुत्रा त्याला तोंडही लावत नाही. मग कुणीतरी सुचवतं की पाकिटातलं सोडा, कुत्रा मुळात मांस खाणारा प्राणी. घरीच कच्चं द्या. चिकनच्या माना, पाय, कलेजी-पेटा, थोडी हाडं. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी 1990 च्या दशकात या आहाराचा जोरदार पुरस्कार केला आणि तो जगभर पसरला. धडधाकट कुत्र्याला तो द्यावा की नाही यावर वाद होऊ शकतो. किडनी बिघडलेल्या कुत्र्याला मात्र हाडासकट कच्चं मांस देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण यात प्रथिनांना दोष देतात. खरा घात फॉस्फरस करतो.

कुत्र्याच्या एका किडनीत रक्त गाळणारे सुमारे चार लाख सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. वय, गोचीड ताप, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो, अशी कारणं त्यांना एकेक करून संपवतात. गेलेला नेफ्रॉन परत येत नाही. उरलेले त्याचं काम अंगावर घेतात. त्यामुळे क्रिएटिनिन वर जाईपर्यंत किडनीची जवळपास तीन चतुर्थांश ताकद संपलेली असते. घरच्यांना त्याआधी एवढंच दिसतं की हल्ली हा पाणी फार पितो आणि रात्री बाहेर जायचं म्हणून उठवतो.

रक्तातला जादा फॉस्फरस बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीच करते. ती थकली की फॉस्फरस साठू लागतो. त्याला तोंड द्यायला शरीर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक वाढवतं, आणि हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. काही कुत्र्यांत, विशेषतः कमी वयाच्या, जबड्याचं हाड इतकं मऊ पडतं की बोटाने दाबलं तर लवतं. पशुवैद्यक त्याला ‘रबर जॉ’ म्हणतात. दुसरीकडे रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून मऊ अवयवांत जमायला लागतात, खुद्द किडनीतही. म्हणजे आधीच अर्धमेली झालेली किडनी आणखी खराब होते.

हे नीट उलगडलं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात. 1992 साली डेल्मर फिन्को आणि सहकाऱ्यांनी किडनीचा बहुतांश भाग काढून टाकलेल्या 48 कुत्र्यांवर दोन वर्षं अभ्यास केला. वाचताना जीव कासावीस होतो, पण त्यातून मिळालेलं उत्तर आजच्या प्रत्येक आजारी कुत्र्याच्या कामाचं आहे. अन्नात प्रथिनं 16 टक्के किंवा 32 टक्के, आणि फॉस्फरस 0.4 टक्के किंवा 1.4 टक्के, असे चार गट होते. प्रथिनं कमी केल्याने कुत्रे जास्त जगले असं दिसलं नाही. फॉस्फरस कमी केल्याने मात्र स्पष्ट फरक पडला.

आता हाडाकडे बघा. हाड बनतंच मुळी कॅल्शियम फॉस्फेटचं. 100 ग्रॅम चिकनच्या छातीत सुमारे 0.2 ग्रॅम फॉस्फरस असतो. तेवढ्याच वजनाच्या सुकवलेल्या हाडाच्या पुडीत 10 ग्रॅमच्या वर. ओल्या हाडात पाणी आणि मगज असल्याने आकडा कमी भरतो, तरी चिकनची मान आणि निव्वळ मांस यांची बरोबरी होत नाही. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते ‘नैसर्गिक कॅल्शियम’ म्हणून ज्याची शिफारस करतात, तीच वस्तू इथे सर्वांत घातक ठरते.

त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. कच्च्या मांसात 70 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि किडनीच्या कुत्र्याला कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं अन्न बरं. प्रथिनं फार तोडली तर कुत्र्याचं अंग झडतं, हेही खरं. पण आजार पुढे गेला की प्रथिनांचा कचरा, म्हणजे युरिया वगैरे, रक्तात साचतो. मळमळ सुटते, तोंडात फोड येतात, श्वासाला उग्र वास येतो. म्हणून प्रथिनं मोजकी पण चांगल्या प्रतीची हवीत, आणि प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे फॉस्फरस किती येतो ते पाहायला हवं. अंड्याच्या पांढऱ्यात तो दीड मिलिग्रॅमहून कमी, चिकनच्या मांसात 9-10, कलेजीत 17 च्या आसपास, पिवळ्या बलकात 24 च्या घरात. हे कळलं की बलक बाजूला ठेवून उकडलेला पांढरा भाग देण्यात काय अर्थ आहे ते लक्षात येतं. उकडलेलाच द्यावा, कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅविडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं.

कच्चेपणाचा धोका वेगळाच. कॅनडातल्या 2002 च्या एका छोट्या पाहणीत घरगुती कच्च्या चिकन-आहाराच्या 10 नमुन्यांपैकी 8 मध्ये साल्मोनेला सापडला. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत. युरिया साचलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. अशा कुत्र्याला चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी कमी होऊन उरलेली किडनीही हातची जाते.

तयार खाद्याबद्दलचा पुरावा मात्र भक्कम आहे. मिनेसोटा विद्यापीठात 38 आजारी कुत्र्यांपैकी काहींना किडनीचं खाद्य आणि काहींना नेहमीचं दिलं गेलं, आणि कुणाला कोणतं मिळतंय हे मालक-डॉक्टर दोघांनाही माहीत नव्हतं. 2002 मध्ये छापलेला निकाल: किडनीचं खाद्य खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान 594 दिवस, दुसऱ्या गटाचं 188. एखाद्या औषधाचाही इतका मोठा परिणाम क्वचित दिसतो.

तरीही कुत्रा ते खातच नसेल तर घरचं शिजवून द्यावं. भात, थोडं बिनहाडाचं चिकन, अंड्याचा पांढरा, दुधी किंवा भोपळा, वरून फिश ऑइल. (जवसाचं तेल त्याची जागा घेत नाही, कुत्र्याचं शरीर त्यातून हवं ते ओमेगा-3 फारसं बनवू शकत नाही.) चिकन लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळावं आणि ते पाणी ओतून द्यावं, कारण मांसातला बराच फॉस्फरस त्यात उतरतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: आजारी कुत्र्याला ताकद यावी म्हणून पायाचं सूप पाजतात. प्रेमापोटीच पाजतात, पण किडनीच्या आजारात ते टाळायलाच हवं. कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुकेही नकोत.

एवढ्यावर आहार पूर्ण होत नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2012 साली किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठी छापलेल्या 67 पाककृती तपासल्या. सगळी पोषणद्रव्यं पुरेशी असलेली त्यांत एकही निघाली नाही. जस्त, आयोडिन, कोलीन, ड आणि ई जीवनसत्त्व मोजूनच घालावं लागतं, आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे तो हिशेब आहारतज्ज्ञ पशुवैद्याने मांडून द्यायला हवा. कॅल्शियम मात्र अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीतून मिळू शकतं. ते कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यात फॉस्फरस जवळजवळ नसतो, आणि अन्नातला थोडा फॉस्फरस ते आतड्यातच बांधून ठेवतं. रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल तर तेही चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

आहार बदलताना कुत्र्याला मळमळत असेल तर थांबावं. त्या दिवसात पुढ्यात आलेल्या अन्नाची त्याला शिसारी बसते आणि बरं वाटल्यावरही तो ते हुंगून बाजूला होतो. आधी उलटीचं औषध, मग जुन्या अन्नात नवं थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल. त्यानंतर महिन्याभराने रक्तातला फॉस्फरस (रिपोर्टमध्ये फॉस्फेट) तपासून घ्यावा. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात तो दर डेसिलिटर रक्तात 4.6 मिलिग्रॅमच्या खाली असावा लागतो. आहार सांभाळूनही तो उतरत नसेल तर डॉक्टर फॉस्फरस बांधणारी पूड किंवा गोळी देतात. ती प्रत्येक जेवणात कालवून द्यायची. रिकाम्या पोटी दिली तर बांधायला अन्नातला फॉस्फरसच नसतो.