दलाली (स्थावर मालमत्ता)

घर, दुकान किंवा जमिनीचा खरेदी-विक्रीचा अथवा भाड्याचा व्यवहार जुळवून दिल्याबद्दल मध्यस्थाला मिळणारा मोबदला. मूळ अरबी ‘दल्लाल’ फारसीमार्गे मराठीत आला आणि इतका मुरला की त्याचे आडनावही झाले. पण शब्दाला बाजारी वास चिकटला, म्हणून आज दुकानाच्या पाटीवर ‘इस्टेट एजंट’ किंवा ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असते आणि दलालीला ब्रोकरेज म्हणतात.

हा दर कायद्याने ठरवलेला नाही. २०१६ चा रेरा कायदा (स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायदा) नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची करतो; नोंदणीशिवाय धंदा केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याखालचे राज्यातले प्राधिकरण असलेल्या महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. दराबद्दल मात्र कायदा गप्प आहे. तो बाजार ठरवतो.

महाराष्ट्रातल्या शहरांत रीसेलच्या घरासाठी घेणारा आणि विकणारा प्रत्येकी साधारण १ ते २ टक्के देतात. ८० लाखांच्या फ्लॅटवर १ टक्का म्हणजे ८०,००० रुपये; एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्क्यांनी १४,४०० रुपये. दोन एजंट असतील तर बहुधा ज्याने त्याने आपल्या पार्टीकडून घ्यायचे. एकच असेल तर दोन्हीकडची दलाली त्याची. अशा वेळी तो नेमका कोणाच्या बाजूने भाव पाडतो किंवा चढवतो, हा प्रश्न पडलाच पाहिजे.

टक्का सगळे विचारतात. कशाचा टक्का, हे विचारायचे राहून जाते. त्याच फ्लॅटचे फर्निचर ५ लाखांना वेगळे ठरले, तर एजंट ८५ लाखांवर मागतो आणि घेणारा ८० वर अडून बसतो. ५,००० रुपयांचा हा वाद हमखास शेवटच्या दिवशी, निबंधक कार्यालयाच्या जिन्यात होतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क रीतीप्रमाणे दलालीच्या हिशेबात धरत नाहीत.

भाड्याच्या घराला टक्का नसतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी एक महिन्याचे भाडे, ही मुंबई-पुण्यातली सर्वसाधारण रीत. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन भाडे नाममात्र ठेवले तर ही रीत कोलमडते. मग एजंट अनामत रकमेवर टक्का लावतो किंवा तिचे मासिक भाड्यात रूपांतर करून दलाली काढतो. यात फार वावगे नाही. मुद्रांक शुल्क मोजताना सरकारही परतफेडीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरतेच. करार वाढवताना पुन्हा दलाली मागणे मात्र भाडेकरूंना खुपते, कारण त्या वेळी घर दाखवायचे कष्टही नसतात. बरेचदा निम्म्यावर तोड निघते.

शेतजमिनीत निराळाच प्रकार चालतो. मालक सांगतो, “माझ्या हातात एकरी ४० लाख पडले पाहिजेत, वरचे तुझे.” गिऱ्हाईक ४६ ला पटले तर पाच एकरांत एजंटाला ३० लाख सुटतात. म्हणजे जवळपास १३ टक्के, तेही दलाली हा शब्द न उच्चारता. त्यामुळे घेणाऱ्याची आणि मालकाची थेट गाठ विसार (व्यवहार पक्का करणारी आगाऊ रक्कम) होईपर्यंत पडू नये, याची एजंट काळजी घेतो.

नव्या प्रकल्पांत दलाली बिल्डर देतो. इथल्या एजंटाला चॅनल पार्टनर म्हणतात आणि त्याचा टक्का सहसा करारमूल्यावर असतो. बुकिंग झाले की पैसे मिळतात असे नाही. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे करार नोंदला जाऊन पुढचे हप्ते आले की दलाली सुटते आणि बुकिंग रद्द झाले तर ती परत जाते. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी काही जण आपल्या टक्क्यातला वाटा त्यालाच देऊ करतात.

दलाली कधी देय होते? वेगळे काही ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्यावर, असे १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो. व्यवहारात निम्मी साठेखताला (विक्रीच्या आधीच्या करारनाम्याला) आणि उरलेली खरेदीखताला किंवा ताब्याला देतात. ठरलेले कागदावर क्वचितच असते.

विकणाऱ्याने दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा होते, म्हणून पावती आणि बँकेतून दिलेले पैसे उपयोगी पडतात. घर भाड्याने देताना मालकाने मोजलेल्या दलालीला अशी वेगळी वजावट नाही. भाडे-उत्पन्नावर मिळणाऱ्या ३० टक्के सरसकट वजावटीतच ती जिरते.