'सीओई ९०' हा आकडा आला कुठून?

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ च्या उत्खननात काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, म्हणून फ्यूज्ड ग्लासचं मूळही कोल्हापुरात शोधायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. बांगडी होते तापलेल्या मऊ काचेची. फ्यूज्ड ग्लासमध्ये काचेचे थंड तुकडे एकावर एक रचून भट्टीत एकजीव करायचे असतात. हे तंत्र भूमध्य समुद्राकाठचं. रंगीत कांड्यांच्या चकत्या वितळवून जोडायच्या आणि साच्यावर वाकवून वाडगे करायचे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फुंकनळी आली आणि हे वेळखाऊ काम मागे पडलं.

आजचा छंद मात्र १९६० नंतरचा. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोत लहान भट्टीवर, कारखान्याबाहेर काच वितळवून दाखवली गेली. १९७४ मध्ये पोर्टलंडला एक छोटा कारखाना निघाला, तो स्टेन्ड ग्लासचे, म्हणजे रंगीत खिडक्यांच्या काचेचे, पत्रे करण्यासाठी. पुढे त्याच कारखान्याने एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासून पत्रे विकायला सुरुवात केली. घरगुती भट्टीवाल्यांचं खरं पर्व तिथून सुरू झालं.

आणि तिथूनच घोळही सुरू झाला. सीओई म्हणजे काच तापल्यावर किती फुगते त्याचं माप. त्या कारखान्याच्या काचेचा आकडा ९०, म्हणजे दर अंशाला एक कोटी भागांत ९० भाग. बाजारातला दुसरा गट ९६ चा. ९० आणि ९६ च्या काचा जोडून ३० सेंटिमीटरची थाळी केली, तर ५०० अंश उतरताना दोघींच्या आकुंचनात जेमतेम ०.०९ मिलिमीटरचा फरक पडतो. थाळी तडकायला तेवढा पुरतो. कधी भट्टीतच, कधी आठवड्यांनी कपाटात. पण हे माप साधारण शून्य ते ३०० अंशांतलं. ताण बसतो त्याच्या बराच वर, काच घट्ट होत असताना, आणि तिथे तिचा चिकटपणाही तितकाच मोजावा लागतो. पोर्टलंडचा मूळ कारखानाच सांगतो की जुळणी साधण्यासाठी त्याच्या काही रंगांचं प्रसरण मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. तरी बाजाराने '९०' हा छाप डब्यावरच्या हमीसारखा वापरला. माझ्या मते या छंदातल्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच. २०१६ मध्ये ९६ गटातला एक मोठा उत्पादक बंद झाला, तेव्हा नुसत्या '९६' या आकड्यावर विसंबून भलत्याच काचा एकत्र करणाऱ्यांची पंचाईत झाली.

कोल्हापुरात भट्टी ही अनोळखी वस्तू नाही. उद्यमनगर-शिरोलीच्या कारखान्यांत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), सोक (एका तापमानावर धरून ठेवणं), हळूहळू निववणं हे रोजचे शब्द. अडचण काचेची. आयात पत्रे महाग, म्हणून हात वळतो खिडकीवाल्याकडच्या कातरणीकडे. ही फ्लोट काच (प्रक्रिया जाहीर झाली १९५९ मध्ये) वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेली असते. ती ९० शीही जुळत नाही, ९६ शीही नाही. एकाच पत्र्याचे तुकडे एकमेकांशी जोडले तर चालतात. दोन दुकानांचे आणलेत तर आधी छोटा नमुना भाजून दोन पोलरायझिंग फिल्ममधून पाहावा. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं, तर तिथे ताण आहे.