स्लॅप बास

स्लॅप बास ही डबल बास, म्हणजे उभे धरून वाजवायचे, खर्जातले मोठे तंतुवाद्य, वाजवण्याची एक पद्धत आहे. उजव्या हाताची बोटे तार बाहेर ओढून सोडतात. ती गळ्याच्या काळ्या पट्टीवर आपटते, स्वराबरोबर 'टक्' असा आवाज होतो आणि लगेच पंजा तारांवर पडतो. साध्या प्रकारात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला स्वर, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला थाप येते. दोन स्वरांच्या मध्ये दोन किंवा तीन थापा बसवल्या की तिला दुहेरी, तिहेरी स्लॅप म्हणतात. त्यासाठी मऊ, सैल तार लागते. जुने वादक तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या, तारा लावत. रोज रात्री तासन्‌तास वाजवल्यावर बोटांना फोड येतात, म्हणून बोटांना चिकटपट्टी गुंडाळून वाजवणारे आजही आहेत.

या पद्धतीचा उगम न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझ बँडांत आहे. वाजवता वाजवता बासवादक बिल जॉन्सन यांचा गज मोडला आणि ते बोटांनी वाजवू लागले, अशी आख्यायिका सांगतात. खरे कारण मात्र रोजच्या कामातले आहे. ध्वनिवर्धक नसलेल्या नृत्यगृहात ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळात बासचा स्वर बुडायचा, थाप मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची. पॉप्स फॉस्टर, स्टीव्ह ब्राउन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमधले वेलमन ब्रॉड हे या पिढीचे बासवादक.

स्विंगच्या, म्हणजे नाचासाठी वाजणाऱ्या मोठ्या जॅझ बँडांच्या, काळात, 1930च्या दशकात, वारे फिरले. काउंट बेसी यांच्या बँडमध्ये वॉल्टर पेज चारही मात्रांवर सरळ चालणारा बास वाजवत. 1939 मध्ये एलिंग्टन यांच्याकडे आलेल्या जिमी ब्लँटन यांनी बासला एकलवादनाचे वाद्य केले. ते 1942 मध्ये क्षयाने गेले, पण तेवढ्यात स्लॅप जुनाट ठरली होती. मिल्ट हिंटन यांनी ती सोडली नाही. कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये ते 1936 ते 1951 होते आणि नव्या पद्धतीतही तितकेच तयार होते. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत त्यांनी असंख्य ध्वनिमुद्रणांना साथ केली. बासवादकाची इतकी लांब आणि सुरक्षित कारकीर्द विरळाच.

रॉक अँड रोलचा जन्मच या थापेवर झाला, असे म्हणायला हरकत नाही. 5 जुलै 1954 रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली यांनी 'दॅट्स ऑल राइट' गायले तेव्हा खोलीत ड्रम नव्हता. स्कॉटी मूर यांचे गिटार, एल्विसचे गिटार आणि बिल ब्लॅक यांचा डबल बास, एवढेच. ठेका सांभाळला तो ब्लॅक यांच्या पंजाने. रंगमंचावर ते बासवर स्वार होत, लोकांना हसवत. एल्विस नवखा असताना कार्यक्रम पुष्कळदा त्यांनीच तोलून धरला. मोबदला मात्र दौऱ्यावर आठवड्याला 200 डॉलर आणि काम नसताना 100. एल्विसचे उत्पन्न गगनाला भिडले तरी हा आकडा हलला नाही. 1957 मध्ये ब्लॅक आणि मूर दोघांनी राजीनामे दिले. ब्लॅक यांनी स्वतःचा 'बिल ब्लॅक्स काँबो' हा बँड काढला आणि 1960 मध्ये 'व्हाइट सिल्व्हर सँड्स' ही धून अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत नेली. 1965 मध्ये मेंदूतल्या गाठीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते 39 वर्षांचे होते. त्यांचा बास आज पॉल मॅकार्टनी यांच्याकडे आहे. रॉक गायक बिल हेली यांचे बासवादक मार्शल लायटल यांनीही 1955 मध्ये पैशावरूनच बँड सोडला. ठेका ज्याच्या हातात, त्याला ठरावीक पगार आणि नफा दुसऱ्याला, हा त्या काळातला मोठा अन्याय होता.

1951 मध्ये आलेला फेंडर प्रिसिजन बास हा विजेवर चालणारा बास गिटार गाडीच्या टपावर बांधावा लागत नव्हता आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की कुठेही ऐकू येत होता. काही वर्षांत रॉकमधून डबल बास जवळपास हद्दपार झाला. पुढे बास गिटारवरही स्लॅप आली. तिचे तंत्र वेगळे, तार अंगठ्याने हाणण्याचे. कारण मात्र तेच. बास गिटारवादक लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये वाजवत. तिथे ड्रमवादक उरला नाही, म्हणून त्यांनी अंगठ्याने त्याची जागा भरली.

डबल बासवरची स्लॅप तरुणांपुढे परत आणली ती बासवादक ली रॉकर यांनी. जन्म 1961, लाँग आयलंड. आईवडील दोघेही क्लॅरिनेटवादक. वडील स्टॅनली ड्रकर 2009 पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते. अभिजात संगीताच्या घरातला हा मुलगा आधी चेलो शिकला. ब्रायन सेट्झर आणि स्लिम जिम फँटम यांच्याबरोबर 'स्ट्रे कॅट्स' हा बँड घेऊन तो 1980 मध्ये लंडनला गेला. 1982 मध्ये त्यांचा 'बिल्ट फॉर स्पीड' हा अल्बम अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. सिंथेसायझरच्या त्या दिवसांत टीव्हीवर डबल बास दिसणे हीच नवलाई होती. 1990च्या दशकात सेट्झर यांनी पितळी वाद्यांचा मोठा ताफा घेऊन नवा ऑर्केस्ट्रा उभारला. 1998 मध्ये त्यांचे 'जंप जाइव्ह अ‍ॅन वेल' गाजले, आणि स्विंगच्या जोरावर रॉकचे तरुण पुन्हा नृत्यगृहात आले.