विडीची पारख (सोलापूर)

पान, तंबाखू, वळण, बांधणी आणि शेक यांवरून विडीचा कस ओळखण्याची रीत. तेंदूच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या, वाळवलेल्या पानात तंबाखूचा चुरा भरून, हाताने वळून आणि सुती दोऱ्याने बांधून विडी तयार होते. महाराष्ट्रात विडी वळण्याचे मोठे केंद्र म्हणजे सोलापूर. इथे हे काम जवळजवळ सगळे बायकाच करतात. त्यांतल्या बऱ्याच जणी तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांतल्या आहेत. शहराच्या पूर्व भागात माग पुरुषांकडे आणि विड्यांचे सूप बायकांकडे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. म्हणून सोलापुरात विडीची खरी पारख वळणाऱ्या बाईच्या बोटांत आहे. ओढणाऱ्याच्या जिभेपर्यंत विडी पोचते तेव्हा पारखण्यासारखे बहुतेक सगळे ठरून गेलेले असते.

सिगारशी तुलना केली की ही पारख कुठे वेगळी पडते ते कळते. सिगारचे बाहेरचे पान, आतली बांधणी आणि भरण, तिन्ही तंबाखूचीच असतात. ती ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत जपून ठेवतात, सावकाश शिलगावतात, धूर तोंडात घोळवून सोडून देतात आणि राख किती वेळ टिकते तेही पाहतात. विडीत बाहेरचे पान तंबाखूचे नसतेच. धूर थेट छातीत ओढला जातो, आणि सिगारला जो ओलावा जपतो तोच विडीचा घात करतो. ओलसर विडीला बुरशी लागते आणि ती पेट घेत नाही.

पारखीची सुरुवात पानापासून होते. तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. त्यांना फुटलेली कोवळी पालवी एप्रिल-मे महिन्यांत खुडून, पुडे बांधून उन्हात वाळवतात. पावसाची एक सर आली तरी पानावर डाग पडतात, म्हणून सगळा हंगाम आभाळाकडे डोळे लावून चालतो. सोलापूरच्या कोरड्या माळावर ही तोड होत नाही. पान विदर्भासारख्या जंगलपट्ट्यातून येते. चांगले पान पातळ, बारीक शिरांचे आणि भिजवल्यावर लवचिक असते. मुठीत दाबून सोडले की ते परत उलगडते, तडकत नाही. जाड शिरेचे पान वळताना उसवते, भोके पडलेल्या पानातून हवा शिरते, आणि जून पान कितीही भिजवले तरी बोटांना दाद देत नाही.

तंबाखूसाठी निपाणीचा पट्टा आणि गुजरातचे चरोतर ही जुनी नावे. शेतात झाडाचा शेंडा खुडतात, त्यामुळे पाने जाड आणि तिखट होतात. पानावर उठणारे तपकिरी ठिपके ही त्याच्या पक्वतेची खूण मानतात. मग ते उन्हात सुकवून, देठ-शिरा काढून चुरतात. चुरा फार बारीक झाला तर विडी कोंदते, जाडाभरडा राहिला तर विस्तव एका बाजूने धावतो. एका विडीत तंबाखू असतो जेमतेम पाव ग्रॅम, त्यामुळे चिमटीचा अंदाज थोडा चुकला तरी लगेच जाणवते.

वळण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पाने आधी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने चौकोनी तुकडे कापतात. शीर नेमकी कुठे येईल हे बघूनच साचा ठेवायचा असतो आणि एका पानातून जास्तीत जास्त तुकडे निघायला हवेत. मांडीवर सूप, सुपात एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला कापलेली पाने. तुकडा डाव्या हाताच्या बोटांवर घेऊन तंबाखू पसरला जातो, दोन्ही अंगठे पुढे सरकतात आणि पानाचा निमुळता सुरळा होतो. रुंद तोंड नखाने किंवा लहानशा पात्याने आत दुमडायचे आणि निमुळत्या टोकाजवळ दोरा गुंडाळायचा. सवयीच्या बाईची नजर या वेळी सुपावर नसतेच, ती शेजारणीशी बोलत असते किंवा लेकराचा अभ्यास घेत असते. विडी घट्ट झाली की हलका हात, सैल झाली की आवळता हात, हे बोटे आपापले ठरवतात. हे कसब पाहताना त्याला नुसते मजुरीचे काम म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कारखान्यात विड्या कट्ट्यांनी, म्हणजे बांधलेल्या जुड्यांनी, तपासल्या जातात. तपासणारा कट्टा हातात तोलतो, टोके सारखी आहेत का पाहतो, एखादी विडी दाबून पाहतो. फुगलेली, पोकळ, कमी लांबीची किंवा फाटकी विडी ‘छाट’ म्हणून बाजूला पडते. मजुरी दर हजार विड्यांमागे असते, त्यामुळे छाट निघाली की तेवढी मेहनत पाण्यात जाते. विडी व सिगार कामगार कायदा, १९६६ मध्ये कच्चा माल देणे आणि विड्या नाकारणे यांवरील वाद सोडवण्याची तरतूद केली गेली. राज्यांच्या नियमांनी छाटीवर साधारण ५ टक्क्यांची मर्यादा घातली. कामगार बायकांची जुनी तक्रार मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवते. मिळालेले पानच खराब असेल तर त्यातून हजार पुरे होत नाहीत, आणि कमी पडलेले पान पदरचे पैसे घालून आणावे लागते.

पास झालेल्या विड्या भट्टीच्या उष्णतेवर शेकतात. शेक कमी पडला तर विडी टिकत नाही, जास्त झाला तर पान ठिसूळ होते. ओढणाऱ्याच्या वाट्याला एवढेच उरते: विडी एका काडीत पेटते का, विस्तव गोल सरकतो का, घशाला तंबाखूचा झणका लागतो की जळक्या पानाचा कडूपणा. तेंदूचे पान सहज जळत नाही. झुरके थांबले की विडी विझते, म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही विडीतून डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर जाते ते यामुळेच. उत्तम विडीही तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग देऊ शकते. पारखीने तिचा अपाय कमी होत नाही. वळणाऱ्या बायकांना तंबाखूची धूळ नाकातोंडात आणि निकोटीन कातडीतून सोसावे लागते. खोकला आणि तासन्‌तास एका बैठकीने धरलेली पाठ ही या धंद्याची नेहमीची दुखणी आहेत.

या बायकांच्या संघटनेतून उभे राहिलेले काम म्हणजे सोलापूरजवळच्या कुंभारी येथील कॉम्रेड गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत. आडम मास्तर म्हणून ओळखले जाणारे कामगार नेते व माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या १०,००० घरांच्या किल्ल्या २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या. कुंभारीतच पुढे ३०,००० घरांचे रे नगर आखले गेले आणि त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. तिथे विडी कामगारांच्या शेजारी यंत्रमाग कामगार, फेरीवाले आणि कचरा वेचणारे राहतात.