एकाच बाजूनं रंगवलेलं यान

घरी आलेला माणूस पहिले शोकेसमधलं, मी घरी बनवलेलं अवकाशयानाचं मॉडेल उचलायला जातो अन् मी ओरडतो, कारण त्याची भिंतीकडची बाजू उघडीच आहे, नुसत्या वायरी, फेविकॉलचे ओघळ अन् फुटक्या टेपरेकॉर्डरची मोटर. अर्धंच काहून रंगवलं असं सगळेच विचारतात, तर त्याची थोडी मागची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे टीव्ही उशिरा आला. 1975-76 मध्ये सॅटेलाईटवरून खेड्यात टीव्ही दाखवायचा साईट नावाचा प्रयोग झाला, 2400 गावांत सेट बसले, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे अँटेना लागले, पण प्रयोगाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. मंग 1983 ला इन्सॅट-1बी हा सॅटेलाईट वर गेला, 1984 पासून दूरदर्शननं भराभर छोटे ट्रान्समीटर उभे केले तेव्हा कुठं आमच्या बाजूला मुंग्यांमधून माणसं दिसायला लागली. पूर्ण आळीत एकच ब्लॅक अँड व्हाईट सेट, एक पोट्टा कवेलूंवर अँटेना फिरवायला अन् बाकीचे खालून ‘आलं, आलं, गेलं बे!’ करायला.

त्या काळात दूरदर्शनवर स्टार ट्रेक ही अवकाशयानातल्या लोकांची जुनी अमेरिकन सिरियल लागायची. मूळची 1966 ते 69 ची, सगळे मिळून 79 भाग, म्हणजे आम्ही पाहिली तेव्हाच ती म्हातारी झाली होती. इंग्रजी कोणाला कळते, आम्ही टोकदार कानवाल्यावरून स्टोरी जुळवायचो. त्यापेक्षा जपानी जायंट रोबोट सोपा पडायचा, एक पोरगा मनगटी घड्याळात बोलतो अन् एवढा मोठा रोबोट उडत येतो, त्याला भाषा कशाला पाहिजे. मग 1989 ला हिंदीत इंद्रधनुष आली, त्यात पोरांनीच जोडलेला कॉम्प्युटर होता, ते पाहून आम्हाला वाटलं आपणही जोडू शकतो. (लाईन गेली की अर्धा एपिसोड आम्ही स्वतःच बनवायचो, तो बरेचदा जास्त चांगला असायचा.)

आता खरी गोष्ट. मॉडेलचे प्लास्टिक किट गावात कोणी पाहिलेच नव्हते. तिकडे अमेरिकेत एएमटी कंपनीनं 1966 मध्येच स्टार ट्रेकमधल्या एंटरप्राइज यानाचं किट विकायला काढलं होतं, पण आमच्याकडे कडब्याचे धांडे होते. धांड्याचं साल काढलं की आतलं पांढरं भेंड निघते, सालाच्या काड्या त्यात टोचून बैलगाडी करायचं काम इथल्या प्रत्येक पोट्ट्याला येते. माझं पहिलं यान त्याच पद्धतीनं झालं, खाली दोन धांडे, वर चहाच्या बशीएवढं पुठ्ठ्याचं ताट. दुसरी शाळा म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून नेतात, ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळातली असं सांगतात. बैल वाढ्याकडून (सुताराकडून) बनवून घ्यायचा, पण बेगड अन् झूल घरीच व्हायची. माझ्या मते इथल्या माणसाला मॉडेल बनवणं परदेशी छंदातून आलं नाही, ते ह्या लाकडी बैलातून आलं, सिरियलनं फक्त आकार दिला.

खूप वर्षांनी नेटवर वाचलं की शूटिंगसाठी वापरलेलं खरं एंटरप्राइजचं मॉडेलही लाकूड, पत्रा अन् प्लास्टिकचंच होतं. मॅट जेफरीजचं डिझाईन, 1964 ला बनलेलं, 11 फुटाच्या थोडं वर. त्यात लाईट लावायचे झाले तेव्हा सगळ्या वायरी डाव्या बाजूनं काढल्या, म्हणून ती बाजू अर्धवटच राहिली अन् शूटिंग उजव्याच बाजूनं व्हायचं. यान दुसऱ्या दिशेला जाताना दाखवायचं असलं की अक्षरं उलटी चिकटवून फिल्म पलटवायचे! 1974 मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमला दिलं, 2016 मध्ये दुरुस्त करून परत मांडलं, अन् ती डावी बाजू अजूनही साधीच आहे म्हणे. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या यानाची मागची बाजू रंगवायचा विचार सोडला.

आता सामान सोपं झालं. फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे (फोमच्या हलक्या पाटीचे) तुकडे फुकट मिळतात, महालक्ष्म्यांच्या आराशीतल्या एलईडीच्या माळा उरतात, इंजेक्शनच्या सिरिंज मेडिकलवाला देतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे मात्र मी घेत नाही, कितीही धुतले तरी नाही, एकदा आईच्या हातचा मार खाल्लाय त्यावरून.

मागच्या तान्ह्या पोळ्याला भाच्यानं बैलाऐवजी चाकावरचं यान आणलं, समोर शिंगं लावून, लाईट चालू. परीक्षक लोकांना कळेना हे सजावटीत धरावं का वेशभूषेत. बराच वेळ घोळ झाला, मग त्याला स्टीलचा डबा देऊन पुढचा बैल बोलावला.